शब्द पोचला, वस्तू कधी पोचणार?

(माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांच्या एका जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा काहीसा संक्षिप्त मजकूर.)



आजच्या मेळाव्यात मी एका अगदी छोट्या प्रयोगाविषयी बोलणार आहे. केळे, वाटाणा किंवा कांदा ह्यांतून डीएनए वेगळा काढून तो विद्यार्थ्यांना त्यांच्या डोळ्यांनी दाखवणे, एवढाच हा प्रयोग. दोन तासिकांत तो निवांतपणे पुरा होतो. शिक्षणाच्या क्षेत्रात एवढे मोठे प्रश्न उभे असताना ह्या लहानशा गोष्टीसाठी सर्वांचा वेळ का घ्यावा, असे कुणाच्या मनात आले तर ते स्वाभाविकच आहे. तथापि ह्या लहान गोष्टीच्या पोटात एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. आणि तो केवळ जीवशास्त्राचा प्रश्न नाही.

डीएनए हा शब्द आज महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला आहे. गुन्ह्याच्या बातमीत तो असतो, बियाण्याच्या चर्चेत असतो, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत असतो. पुढारी व्यासपीठावरून सांगतात की अमुक गुण आमच्या समाजाच्या डीएनएमध्येच आहे. आणि श्रोते टाळ्या वाजवतात. शब्द असा घरोघरी पोचला. पण त्या शब्दाने दर्शवलेली वस्तू मात्र कुणी पाहिलेली नाही. वस्तूवाचून पोचलेला शब्द फार लवकर मंत्र बनतो. मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. तो उच्चारणाऱ्याचा अधिकार तेवढा मान्य करायचा असतो. विज्ञानातील शब्दांचे असे मंत्र होऊ न देणे हे विज्ञानशिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे.

आता प्रयोगाकडे वळू. अर्धे पिकलेले केळे घ्यावे. त्यात अर्धी वाटी गार पाणी व पाव चमचा मीठ घालून ते चांगले कुस्करावे. वाटाणे घेतले तर ते मीठपाण्यासह पाट्यावर वाटावेत. ह्या लगद्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन लहान चमचे घालून फेस येऊ न देता हलक्या हाताने ढवळावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. मग ते चहाच्या गाळण्यातून किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळावे. गाळलेला रस परीक्षानळीत एक तृतीयांशापर्यंत भरावा. परीक्षानळी नसेल तर काचेचा अरुंद पेला चालेल. नळी तिरपी धरून तिच्या कडेने बर्फात थंड केलेले अल्कोहोल, रसाइतके किंवा त्याच्या दुप्पट, अगदी सावकाश सोडावे, म्हणजे ते रसावर तरंगत राहील. इथाइल अल्कोहोलवर अबकारी खात्याचे निर्बंध असतात. पण औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ह्या कामाला पुरते. ते ज्वालाग्राही आणि विषारी आहे. तेव्हा जवळपास ज्योत नको आणि चव घेण्याचा मोह नको, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.

काही मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढुरके तंतू दिसू लागतात. बारीक बुडबुडे अडकलेला तो कापसासारखा पुंजका वर चढतो. काचेच्या कांडीने किंवा बांबूच्या काडीने तो गुंडाळून घेता येतो.

कृती एवढीच. पण ह्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि ते कारण विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यायला हवे. साबण का? खरकट्या भांड्याचे तेलतूप साबणाने का निघते, हे घरातल्या कोणत्याही मुलाला सांगता येईल. पेशीचे आणि तिच्या केंद्रकाचे आवरण मुख्यतः मेद व प्रथिने ह्यांचे बनलेले असते. जो साबण ताटाचे तूप काढतो, तोच हे आवरण मोडतो आणि आतला डीएनए मोकळा होतो. मीठ का? डीएनएच्या रेणूवर सर्वत्र ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे त्याचे तंतू परस्परांना दूर लोटतात. मिठातील सोडियमचे धन आयन हा भार झाकतात आणि तंतू एकत्र येऊ शकतात. अल्कोहोल का? डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात विरघळत नाही. म्हणून तो बाहेर पडतो. आणि सारे थंड का? पेशी फुटली की डीएनएचे तुकडे करणारी विकरेही मोकळी होतात. थंडीने त्यांचे काम मंदावते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावण्याची रीत आपल्याकडे आहे. पपईच्या चिकातील विकर प्रथिने तोडते. त्याचेच दोन थेंब रसात घातले, तर डीएनएला चिकटलेली प्रथिने सुटायला मदत होते. स्वयंपाकघरातील ज्ञान आणि रसायनशास्त्र ह्यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी केली आहे, ती अशी एकेका प्रश्नाने खाली येते.

‘आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही’ ही तक्रार मला ठाऊक आहे, आणि ती खरी आहे. अनेक शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेले एक कपाट असते. ही तक्रार आपण शासनाकडे करीत राहिलेच पाहिजे. तो मुलांचा हक्क आहे. पण डीएनएचा इतिहास ह्या बाबतीत आपल्याला धीर देणारा आहे. १८६९ साली फ्रीड्रिश मीशर ह्या तरुण स्विस संशोधकाने जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे हा पदार्थ प्रथम वेगळा केला. त्याची प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या किल्ल्यातील पूर्वीचे स्वयंपाकघर होते. त्याचा कच्चा माल म्हणजे रुग्णालयात जखमांवरून काढलेल्या पट्ट्यांवरचा पू. जगाने टाकून दिलेल्या घाणीतून त्याने आनुवंशिकतेचे द्रव्य काढले आणि त्याला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. त्याचे गुरू होपे-झायलर ह्यांनी शिष्याच्या शब्दावर विसंबून राहण्याचे नाकारले. त्यांनी ते प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मगच, १८७१ साली, हा शोध प्रसिद्ध होऊ दिला. गुरूने शिष्याचा प्रयोग स्वतःच्या हाताने पडताळून पाहावा, ही विज्ञानातील खरी गुरुपरंपरा होय.

पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे ह्या पदार्थाचे महत्त्व पुरते उमगले नाही. आनुवंशिक गुण प्रथिनांमार्फत उतरतात, असेच बहुतेकांना वाटत होते. न्यूयॉर्कमध्ये ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांचे सहकारी न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करीत होते. निरुपद्रवी जंतूंना घातक बनवणारा पदार्थ ते शोधत होते. त्यांच्याही पात्रात अल्कोहोल घालताच तंतू उतरले आणि ढवळण्याच्या कांडीभोवती गुंडाळले गेले. तुमच्या वर्गातल्या मुलीला जे दिसेल तेच त्यांना दिसले. पण ‘दिसले’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी त्या पदार्थावर प्रथिने नष्ट करणारी विकरे सोडली. जंतू पालटण्याचा गुण कायम राहिला. मग डीएनए नष्ट करणारे विकर सोडले. तो गुण नाहीसा झाला. १९४४ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९५२ साली लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन ह्यांच्या प्रयोगशाळेत अशाच तंतूंची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. त्यांतील एक छायाचित्र त्यांच्या नकळत दुसऱ्यांना दाखवले गेले आणि १९५३ साली वॉटसन व क्रिक ह्यांनी दुहेरी सर्पिलाची रचना मांडली. फ्रँकलिन १९५८ साली वारल्या. नोबेल पारितोषिक १९६२ साली इतरांना मिळाले.

हा इतिहास मी सांगितला तो एका विशिष्ट हेतूने. प्रयोगाचा खरा गाभा तंतू दिसण्यात नाही. तंतू दिसल्यानंतर ‘हा डीएनएच कशावरून?’ असे विचारण्यात आहे. आणि हा प्रश्न नुसता दिखाऊ नाही. फळांत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. मुरंबा, जेली घट्ट होते ती त्यामुळे. पेक्टिनही अल्कोहोलात बाहेर पडते आणि त्याचाही गोळा दिसतो. आपल्या नळीतील पुंजक्यात डीएनएबरोबर पेक्टिन, प्रथिने आणि आरएनए असणारच. शिवाय डीएनएच्या दुहेरी तंतूची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा पाच लाखावा भाग. तो सुटा तंतू डोळ्यांना दिसणे शक्य नाही. दिसते ती असंख्य रेणूंची गुंतवळ. तेव्हा ‘हा पाहा सर्पिल’ असे सांगणारा शिक्षक मुलांना एक नवी अंधश्रद्धा शिकवील.

मग काय करावे? वर्गाचे गट पाडावेत. एका गटाने साबण वगळावा, दुसऱ्याने मीठ वगळावे, तिसऱ्याने केळ्याऐवजी वाटाणे घ्यावेत, चौथ्याने नुसत्या मीठ-साबणाच्या पाण्यावर अल्कोहोल सोडावे. प्रत्येकाने जे दिसले तेच लिहावे. उच्च माध्यमिक शाळेत सोय असेल तर शिक्षकाने स्वतः डायफिनिलअमाइनची परीक्षा करून दाखवावी. त्यात तीव्र आम्ले लागतात, म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नये. डीएनएतील शर्करेमुळे तेथे निळा रंग येतो, पेक्टिनमुळे येत नाही. एखाद्या गटाला तंतू मिळणार नाहीत. त्या गटाला नापास करू नका. का मिळाले नाहीत ह्याचा शोध त्यालाच घेऊ द्या.

हे सांगण्याचे कारण उघड आहे. केंद्रीय अभ्यासक्रमातील बारावीच्या जीवशास्त्रात पालक, वाटाणा, पपई अशा वनस्पतींतून डीएनए काढण्याचे प्रात्यक्षिक नेमलेले आहे. नेमले आहे म्हणजे सर्वत्र केले जाते असे नव्हे. जर्नल कशी भरली जातात, हे ह्या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही. मागल्या वर्षीच्या जर्नलवरून ह्या वर्षीची उतरते. निरीक्षणाच्या रकान्यात न पाहिलेले तंतू ‘दिसतात’. आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिण्याचे हे शिक्षण आपण कोवळ्या वयात देतो आणि पुढे नागरिक अफवांवर विश्वास ठेवतात म्हणून हळहळतो. शिवाय हा प्रयोग बारावीच्या विज्ञानशाखेपर्यंत थांबवून का ठेवावा? तेथवर पोचणारी मुले थोडी. जी मुलगी दहावीनंतर शाळा सोडून शेतात किंवा कारखान्यात जाईल, तिला हा तंतू कधी दिसणार? आठवी-नववीच्या वर्गात तो सहज दाखवता येण्याजोगा आहे.

आता ह्या तंतूचा आणि समाजाचा संबंध पाहू. पूर्वी ‘रक्त’, ‘कूळ’, ‘बीज’ ह्या शब्दांनी जे काम केले, ते आता ‘डीएनए’ ह्या शब्दाकडून करवून घेतले जात आहे. जन्मावरून श्रेष्ठता ठरवण्याची जुनीच खोड, फक्त तिला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला आहे. ह्यावर वस्तू दाखवणे हाच उपाय. केळे, वाटाणा, कांदा ह्यांचे तंतू शेजारी शेजारी ठेवा. कोणता कुणाचा हे डोळ्यांना ओळखता येत नाही. चार अक्षरांची तीच लिपी साऱ्या सजीवांत आहे. आणि नुसत्या मापाचाच अभिमान धरायचा तर तो लासलगावच्या कांद्याने धरावा! माणसाच्या डीएनएच्या एका संचात अक्षरांच्या सुमारे ३ अब्ज जोड्या असतात. कांद्यात सुमारे १६ अब्ज. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, माणसाच्या पेशीत दोन. ‘माणूस आणि केळे निम्मे सारखे’ असे वाक्य हल्ली ऐकू येते. तेही सैल आहे. माणसाच्या बऱ्याच जनुकांची ओळखू येण्याजोगी प्रतिरूपे केळ्यात सापडतात, एवढाच त्याचा अर्थ; निम्मा मजकूर अक्षरशः एक आहे असा नव्हे. आपल्या बाजूचे वाक्यही तपासून घ्यावे, तरच दुसऱ्याचे तपासण्याचा अधिकार येतो.

जातींच्या बाबतीत विज्ञान काय सांगते, हेही न लपवता सांगितले पाहिजे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी ह्या संस्थेतील आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या उपखंडातील भिन्न जनसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि नंतर जातीबाहेरील विवाह दुर्मीळ झाले. म्हणजे जातीची खूण डीएनएत आढळते ती बंदीची खूण म्हणून, गुणाची म्हणून नव्हे. समाजाने दार लावून घेतले, त्याचा तो ओरखडा आहे. आणि मोजक्याच घरांत पिढ्यान् पिढ्या विवाह होत राहिले की काही आनुवंशिक रोग वाढतात, ही त्या बंदीची किंमत आहे. स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज मानणाऱ्या जुन्या कल्पनेचेही तेच. अपत्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात निम्मी गुणसूत्रे आईची असतात. शिवाय केंद्रकाबाहेरच्या तंतुकणिकांतील डीएनए आईकडूनच येतो. मुलगा की मुलगी हे ठरते ते पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावरून. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरातली मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा संबंध बियाण्याशी आहे. १९९६ साली युरोपात झालेल्या एका लोकमत-चाचणीत असा प्रश्न होता की साध्या टोमॅटोत जनुके नसतात, फक्त जनुकबदल केलेल्या टोमॅटोतच असतात, हे खरे की खोटे? अनेक सुशिक्षित देशांतील लोक तेथे अडखळले. ज्याने एकदा घरच्या टोमॅटोतून तंतू काढला आहे, तो अडखळणार नाही. आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी वांग्याला २०१० साली स्थगिती मिळाली. ह्या वादात कोणती बाजू घ्यावी, हे मी आज सांगत नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाला, आपल्या शेतातल्या बीटी बियाण्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले आहे, जनुक म्हणजे ह्याच तंतूचा एक तुकडा, आणि तो कुणीतरी मोल लावून विकत आहे, हे कळले पाहिजे. ते न कळता तो एका बाजूची जाहिरात ऐकेल किंवा दुसऱ्या बाजूची भीती बाळगील. मत मात्र त्याचे स्वतःचे असणार नाही.

ह्या संदर्भात एक न्यायनिर्णय मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील मिरियड ह्या कंपनीने स्तनांच्या कर्करोगाशी निगडित दोन जनुकांवर एकस्व मिळवले होते. निसर्गातील डीएनए केवळ शरीराबाहेर वेगळा काढला म्हणून तो नवा शोध ठरत नाही आणि त्याचे एकस्व देता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतीची गोष्ट मात्र वेगळी मानली. वेगळा काढला म्हणून तो कुणाच्या मालकीचा होत नाही, हे काडीवर तंतू गुंडाळणाऱ्या मुलाला एका क्षणात पटेल. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर आहेत. ते समजून घेणारी माणसे शाळांतूनच घडायची आहेत.

आणि म्हणूनच २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशातील १८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले, ते योग्यच केले. केळ्यात आणि माणसात एकच लिपी का, ह्या मुलाच्या प्रश्नाला समान पूर्वजाशिवाय दुसरे उत्तर नाही. उत्तर पुस्तकातून काढता येते. प्रश्न नळीतून काढता येत नाही.

डीएनएची लिपी उलगडण्यात वाटा उचलून १९६८ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झालेले हरगोविंद खोराना हे पंजाबातील सुमारे शंभर वस्तीच्या एका खेड्यातले. साक्षर असे त्या गावात जवळजवळ त्यांचेच एक कुटुंब होते. अशी किती मुले आपापल्या गावांत असतील आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नसेल, ह्याचा विचार आपण करायला हवा.

शेवटी माझी विनंती साधी आहे. येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रयोग निदान एका वर्गात, मुलांच्या हातून, करवून घ्यावा. जे दिसेल तेच लिहवून घ्यावे. एखाद्या संध्याकाळी पालकांना बोलवावे आणि त्यांच्या मुलामुलींनीच तो त्यांना करून दाखवावा. शेजारच्या शाळेकडे साहित्य नसेल तर आपले द्यावे. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि शोधक वृत्ती वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली आपल्या राज्यघटनेत लिहिले गेले. ते कर्तव्य पार पाडायला मोठा निधी लागतोच असे नाही. एक केळे, चिमूटभर मीठ, थोडा साबण आणि ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलाला गप्प न बसवणारा शिक्षक, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तो आरंभ आपण करावा, एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो.